टोंगऱ्यात बसलेलं भेव

मंडईचे दिवस होते. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असतं, आणि त्याच्या आगेमागे कुठे ना कुठे कबड्डीचे सामने असतात. मूल-सिंदेवाही रस्त्यापासून जरा आत असलेल्या आमच्या गावातही होते. चार बांबू, त्यांवर बांधलेले हॅलोजन, फक्कीने आखलेलं मैदान आणि लाउडस्पीकरवर गावातलाच ओळखीचा आवाज. माझ्या ऑपरेशनला चौदा महिने झाले होते. फिजिओने खेळायची परवानगी दिली होती. डाव्या मांडीचा घेर उजवीच्या जवळपास आला होता, एका पायावर उड्या मारायच्या चाचणीत डावा पाय उजव्याच्या नव्वद टक्क्यांपुढे गेला होता. कागदावर मी बरा होतो.

दुसऱ्या डावात मला चढाईला पाठवलं. मध्यरेषा ओलांडली, दम धरला, निदान रेषेच्या पुढे गेलो आणि डावा पाय रोवून उजवीकडे वळायची वेळ आली. पाय उचलला. पण जिथे रोवायचा होता तिथे तो रोवला गेलाच नाही. लहान पोर थंडीत नदीच्या पाण्याला पाय लावून काढून घेतं, तसा टेकून परत आला. समोरच्या कोपऱ्यातल्या पोराने मला हातही लावला नव्हता. मी रिकाम्या हाताने परतलो. पुढच्या दोन चढायांतही तेच झालं.

मैदानाच्या कडेला खाटेवर बसलेला एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "पोट्ट्याच्या टोंगऱ्यात भेव बसलं गा."

आमच्याकडे गुडघ्याला टोंगरा म्हणतात, भीतीला भेव. लोक हसले. मला राग आला, कारण त्या वेळी मला वाटत होतं की गुडघ्यात अजून काहीतरी बिघाड आहे आणि तो डॉक्टरांना सापडत नाहीये. म्हातारा बरोबर होता हे कळायला मला पुढचं वर्ष लागलं. आणि वैद्यकशास्त्राला तेच कळायला साधारण शंभर वर्षं लागली. त्या शंभर वर्षांबद्दल मला इथे सांगायचं आहे.

आधी माझं थोडक्यात. चंद्रपूरला मॅटवरची स्पर्धा होती. मी मातीत वाढलेला. माती पायाखालून थोडी सरकते, बुटांना मॅट मात्र घट्ट धरून ठेवतं. वळताना बूट जागेवर राहिला, मी वळलो, मधे गुडघा होता. आतून टक् असा आवाज आला. कुणी पकडलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते, कारण दुसऱ्याने पाडलं असतं तर त्याच्यावर रागावता आलं असतं. इथे माझंच शरीर मला न विचारता मोडलं होतं. एमआरआयमध्ये दिसलं की अँटेरियर क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे सगळे ज्याला एसीएल म्हणतात ते, पूर्ण तुटलंय. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारी ही दोरी. सरळ चालताना ती नसली तरी अनेकांचं भागतं. वळायला, थांबायला, उडी मारून उतरायला ती लागते, म्हणजे कबड्डीत दर पाच सेकंदांनी.

नागपूरला ऑपरेशन झालं. माझ्याच मांडीच्या मागच्या स्नायूची शीर काढून तिची नवी दोरी केली. तिसऱ्या दिवशी घरी. पुढचे कित्येक आठवडे मी खाटेवर, पायाखाली गुंडाळलेला टॉवेल, हातात मोबाइल. त्या दिवसांत मी गुडघ्याचा इतिहास वाचायला लागलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून.

आणि पहिल्याच फेरीत मला भेटला एक खाणकामगार.

वर्ष १८९५, इंग्लंडमधलं लीड्स शहर. फेदरस्टोन या कोळशाच्या गावातला एक ४१ वर्षांचा कामगार सर्जन मेयो रॉबसन यांच्याकडे आला. खाणीत माती अंगावर कोसळून त्याचा गुडघा निकामी झाला होता आणि त्याला छत्तीस आठवडे उलटले होते. रॉबसन यांनी गुडघा उघडला तर आतली दोन्ही क्रूसिएट लिगामेंटं हाडापासून सुटलेली. त्यांनी ती कॅटगटच्या टाक्यांनी पुन्हा शिवली. क्रूसिएट लिगामेंटची ही पहिली नोंदलेली दुरुस्ती मानतात. सहा-सात वर्षांनी रॉबसन यांनी त्या माणसाला पुन्हा तपासलं आणि १९०३ मध्ये अहवाल छापला: पाय भक्कम आहे, माणूस लंगडत नाही, धावू शकतो, कामाला जातो.

मला हा माणूस एकदम आपला वाटला, कारण माझा मामा घुग्घुसच्या कोळसा खाणीत होता. आमच्या जिल्ह्यात वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. म्हणजे लीड्समध्ये तो गुडघा शिवला जात होता तेव्हा वरोऱ्यातही माणसं कोळशासाठी जमिनीखाली उतरत होती. त्यांच्यातही कुणावर माती कोसळली असेल, कुणाचा टोंगरा फिरला असेल. त्यांचे गुडघे कुणी उघडून पाहिले नाहीत, म्हणून ते इतिहासात नाहीत.

पण त्या फेदरस्टोनच्या माणसाच्या बाबतीतही एक प्रश्न कुणी विचारलेला नाही. ज्या खाणीत छत कोसळून पाय गेला, त्याच प्रकारच्या कामाला परत जाताना पहिल्या दिवशी तुला काय वाटलं? अहवालात पायाची ताकद आहे, चाल आहे, धावणं आहे. माणूस खाली उतरताना थबकला का, हे नाही. मी मामाला हे विचारलं होतं. त्यालाही एकदा खाली दुखापत झाली होती, गुडघ्याला नाही, खांद्याला. तो म्हणाला, "उतरतानी नाही लागत. लागते ते चहा पेतानी, पाळी सुरू व्हाच्या आधी." एवढंच बोलून तो दुसऱ्या विषयावर गेला.

पुढची साठ-सत्तर वर्षं गुडघ्याच्या सर्जरीचा इतिहास म्हणजे दोरी कशाची करायची याचा इतिहास आहे. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्हज यांनी ओळखलं की तुटलेलं टोक शिवून भागत नाही, नवी दोरी घालावी लागते. त्यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा वापरला. मग कुणी वाटीखालची शीर घेतली, कुणी मांडीमागची. कृत्रिम धागेही घालून झाले आणि बरेचसे फसले. हा भाग मी भरभर सोडतो; ज्याला हवा त्याला तो कुठेही सापडेल.

थांबावंसं वाटतं ते जपानमध्ये. टोकियोत केन्जी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय बघायची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी पुढे तीच कल्पना इतकी घासूनपुसून घेतली की १९५९ साली त्यांचं २१व्या क्रमांकाचं आर्थ्रोस्कोप तयार झालं. एकवीसावं. आधीचे वीस प्रयत्न गेले, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, तेव्हा मी दिवसातून दोनशे वेळा टाच सरकवायचा व्यायाम करत होतो. १९६२ मध्ये वातानाबे यांनी गुडघ्यातल्या गादीचा फाटलेला तुकडा त्या दुर्बिणीतून बघत काढला. पेशंट होता सतरा वर्षांचा बास्केटबॉलपटू. तो सहा आठवड्यांत पुन्हा खेळायला लागला असं सांगतात.

दुर्बीण आल्याने एक मोठी गोष्ट घडली आणि तिच्यामागून एक अडचण आली. गुडघा न चिरता ऑपरेशन होऊ लागलं, माणसं लवकर उठू लागली, परतीचा काळ आठवड्या-महिन्यांत मोजता येऊ लागला. आणि एकदा परतीची तारीख सांगता यायला लागली की तारखेला न परतणारा माणूस दिसायला लागतो. पूर्वी गुडघा गेला म्हणजे खेळ गेला, विषय संपला. आता गुडघा आलाय, पण खेळाडू आलेला नाही, असा एक नवाच प्रकार तयार झाला.

तरी १९८०च्या दशकापर्यंत एसीएलच्या ऑपरेशननंतर पाय महिनोन्‌महिने बांधून ठेवायचे. वजन टाकू नका, वाकवू नका, जपा. मग अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या डोनाल्ड शेल्बोर्न या सर्जनच्या लक्षात आलं की त्यांचे काही पेशंट सांगितलेलं ऐकतच नाहीत. आधीच चालतात, आधीच जिने चढतात. आणि गंमत म्हणजे तेच जास्त चांगले होतात. १९९० साली शेल्बोर्न आणि त्यांचे सहकारी निट्झ यांनी लवकर हालचाल करायची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. आज मला दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं केलं गेलं, ते त्या न ऐकणाऱ्या पोरांमुळे. या प्रसंगाबद्दल माझं एक मत आहे. त्या पेशंटांचे स्नायू इतरांपेक्षा वेगळे नव्हते. त्यांना भेव बसलं नव्हतं, किंवा बसायच्या आत ते उठले होते. पण तेव्हा मोजलं गेलं ते गुडघा किती अंशांत वाकतो आणि किती सरळ होतो, एवढंच.

त्याच १९९० मध्ये दुसरीकडे, पाठदुखीच्या रुग्णांवर काम करणाऱ्या कोरी, मिलर आणि टॉड यांनी एक शब्द वापरात आणला: कायनेसिओफोबिया. हालचालीची भीती. आपण नाजूक आहोत, हललो तर पुन्हा मोडू, असं वाटून माणूस हालचालच टाळतो, ती अवस्था. (याच वर्षी बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून खेळली गेली. दोन्हींचा काही संबंध नाही. पण माझ्या डोक्यात १९९० हे साल आता कायमचं असं जोडलं गेलंय.)

हा शब्द पाठीकडून गुडघ्याकडे यायला आणखी काही वर्षं गेली. २००५ मध्ये स्वीडनमधल्या योआना क्विस्ट आणि सहकाऱ्यांनी एसीएलच्या पेशंटांना विचारलं, आणि जे खेळात परतले नव्हते त्यांच्यात पुन्हा दुखापत होण्याची भीती जास्त आढळली. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये केट वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी बारा प्रश्नांची एक यादी केली. उत्तरांवरून शंभरपैकी गुण. खेळताना गुडघा दगा देईल असं वाटतं का? गुडघ्याचा विचार न करता खेळता येईल का? पुन्हा ऑपरेशन आणि तो सगळा व्यायाम करावा लागेल या विचाराने खेळ टाळता का? असे प्रश्न. मेयो रॉबसन यांच्या टाक्यांपासून या यादीपर्यंत ११३ वर्षं.

आणि मग आकडे आले. २०१४ मध्ये क्लेअर आर्डर्न आणि सहकाऱ्यांनी ६९ अभ्यास एकत्र केले, ७,५५६ माणसं. ऑपरेशननंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परतले होते. पण दुखापतीआधी ज्या पातळीवर खेळत होते त्या पातळीवर ६५ टक्के. स्पर्धेत ५५ टक्के. हे वाचलं तेव्हा मी मंडईच्या सामन्यात तीनदा रिकामा परतून चार महिने झाले होते. घरात कुणालाही न सांगता खेळणं सोडलं होतं. ५५ हा आकडा वाचून मला रडू आलं. वाईट वाटून नाही. उरलेल्या ४५ मध्ये इतके लोक आहेत आणि त्यातल्या अनेकांचे गुडघे तपासणीत चांगलेच असतात, हे कळून.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर "मनाचे खेळ आहेत, मन घट्ट कर" असं म्हणणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. ते मला पुष्कळ भेटले. ही भीती हवेतून येत नाही. एसीएल ही नुसती दोरी नसते, तिच्यात मज्जातंतूंची टोकं असतात. गुडघा या क्षणी किती वाकलाय, किती ताणलाय, याची खबर ती मेंदूला देत असते. दोरी तुटली की खबर देणाराही जातो. नवी दोरी बांधली तरी तो पूर्ण परत येतोच असं नाही. मग मेंदू डोळ्यांकडून माहिती घेतो. मी चढाईत समोरच्या पोरांकडे बघायचं सोडून स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत होतो, हे मला नंतर मोबाइलवरच्या व्हिडिओत दिसलं. बावीस वर्षांचा चढाईपटू, आणि बघतोय कुठे तर खाली.

शिवाय भीती अर्धी खरी असते. नवी दोरी बांधल्यावर ती आधी कमजोर होते, मग हळूहळू तिच्यात रक्तवाहिन्या येतात आणि ती मुरते. सगळ्यात कच्ची असते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, नेमकी तेव्हा, जेव्हा सूज उतरलेली असते आणि आपल्याला एकदम बरं वाटू लागतं. नॉर्वे-अमेरिकेतल्या २०१६च्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवावं, त्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. म्हणजे काही काळ भेव हे राखणदार असतं. ते कामाचं आहे. अडचण इतकीच की काम संपल्यावर त्याला जा म्हणणारं कुणी नसतं. "बसलं" हे क्रियापद म्हाताऱ्याने उगाच वापरलं नव्हतं. आपल्या भाषेत भीती वाटते, लागते आणि बसते, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटलेली जाते. बसलेलीला उठवावं लागतं.

आमच्या भागात उठवणार कोण हा प्रश्न आहे. ऑपरेशन एका दिवसाचं असतं, ते नागपुरात होऊन जातं. त्यानंतरचे नऊ महिने गावात काढायचे असतात. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडच्या पोराचा विचार करा. त्या जिल्ह्यात वर्षानुवर्षं रेल्वेचं स्टेशन म्हणजे एक वडसा. आठवड्यातून दोनदा फिजिओकडे जायचं तर त्याचे आठवड्यातले दोन दिवस बसमध्ये जातात, आणि वाकलेला गुडघा घेऊन बसच्या सीटवर पाच तास बसणं हा काही व्यायाम नव्हे. मला निदान चंद्रपूर गाठता येत होतं. तरीही तिथे मला ताकद, वाक, सूज याबद्दल विचारलं गेलं. बारा प्रश्न कुणी विचारले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. रांग मोठी असते.

आता नावं असलेल्या माणसांकडे येतो, कारण त्या चार महिन्यांत मी त्यांनाच धरून होतो.

विनेश फोगाट. रिओ ऑलिंपिक, ऑगस्ट २०१६, ४८ किलोची उपांत्यपूर्व फेरी. चीनच्या सुन यानानशी लढताना उजवा गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. ऑपरेशन, मग परत येणं. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० किलोमध्ये पहिल्याच फेरीत समोर कोण, तर तीच सुन यानान. विनेश ती कुस्ती जिंकली आणि त्या दिवशी सुवर्णही. लोक सुवर्णाबद्दल बोलतात. मी तो पहिल्या फेरीचा व्हिडिओ किती वेळा पाहिला असेन. ज्या माणसासमोर गुडघा तुटला त्याच माणसाला त्याच मॅटवर हात द्यायचा, हे मला सुवर्णापेक्षा मोठं वाटतं.

आपल्या मुंबईची अभिलाषा म्हात्रे. गुडघ्यांच्या दुखापतींनी तिचं करिअर सुरुवातीलाच धोक्यात आलं होतं. ती परतली, २०१२ मध्ये पाटण्याला विश्वचषक आणि २०१४ मध्ये इंचिऑनला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होती, २०१५ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. कबड्डीत, म्हणजे ज्या खेळात समोरचे सात जण तुमच्या पायावर टपलेले असतात त्यात.

आणि अविनाश साबळे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायपीट, मग महार रेजिमेंट, मग स्टीपलचेस. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं रौप्य, २०२३ मध्ये हांगझोला आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद, राष्ट्रीय विक्रम. ११ जुलै २०२५ ला मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर तो पडला. एसीएल आणि गादी, दोन्हींना इजा. मुंबईत ऑपरेशन. त्या सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा गेली.

स्टीपलचेस म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: तीन हजार मीटर, २८ अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि लाकडी, जागचा हलत नाही. पाण्यापाशी बहुतेक धावपटू त्याच्यावर एक पाय ठेवतात, पुढे झेपावतात आणि एका पायावर पाण्यात उतरतात. पडलेल्या माणसाला दर शर्यतीत सात वेळा त्याच प्रकारच्या जागी परत जायचं असतं, आणि प्रत्येक वेळी एका पायावर. साबळेच्या मनाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. मी फक्त त्या खेळाची रचना सांगतोय. माझी तर एकच मध्यरेषा होती.

मी परत कसा आलो, हे विचाराल तर त्यात सिनेमासारखं काही नाही. पावसाळ्यात रोवणा सुरू झाला. आई म्हणाली, सामने सोडलेस तर निदान बांधीत ये. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि काढताना चिखल त्याला ओढून धरतो. पहिल्या दिवशी मी धुऱ्यावरच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी उजवा पाय घातला. आईने काही म्हटलं नाही, ती पऱ्ह्याच्या पेंढ्या पुढे फेकत राहिली. आठवडाभरात मी डाव्या पायावर वजन टाकून वळत होतो, कारण हातात पेंढी होती आणि बायका पुढे निघून चालल्या होत्या. नंतर एका पुस्तकी शब्दाशी गाठ पडली: भीतीच्या गोष्टीला थोड्या थोड्या मात्रेत सामोरं जाणं. मानसोपचारात ही जुनी आणि मान्य पद्धत आहे. माझी सुरू झाली ती धानाच्या बांधीत. पुढे मित्रांना घेऊन मातीच्या मैदानात, आधी पकडीशिवाय, मग एकाच्या पकडीत, मग दोघांच्या. मॅटवर मी अजूनही सावध असतो. परवाच्या हंगामात चार सामने खेळलो. पहिल्यासारखा नाही. पण पायाकडे बघत नाही.

एवढं लिहून मी हा लेख संपवणार होतो. पण माझी आतेबहीण आहे.

गडचिरोली-चंद्रपूरमध्ये धावणं हा छंद नसतो, भरती असते. पहाटे कुठल्याही गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर बघा, पोरं-पोरी धावताना दिसतील. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला पन्नास गुण. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. आमच्याकडे पहाटे वाघ रस्त्यावर येतो, अस्वल येतं, वनखातं अंधारात एकटे जाऊ नका म्हणतं, तरी पोरं घोळक्याने जातात. मीही जायचो. वाघाची भीती वाटली तरी पाय थांबत नसत, आणि तेच पाय चुन्याच्या रेषेवर थांबले, याचं मला आजही हसू येतं.

आतेबहीण त्या घोळक्यातली सगळ्यात वेगवान. तिचा गुडघा माझ्या आधी वर्षभर गेला, खड्ड्यात पाय पडून. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत मुलींमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त आढळलंय, पण आमच्याकडे अर्थ काढला गेला तो असा की पोरीने धावूच नये. माझ्यासाठी घरच्यांनी कर्ज काढलं. तिच्यासाठी लेप लावला आणि सहा महिन्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली. लग्न जमलं नाही, तो भाग वेगळा. गेल्या वर्षी तिचंही ऑपरेशन झालं, एका योजनेतून. आता ती चालते, सायकल चालवते. धावत नाही. भरतीचं वय अजून आहे.

या उन्हाळ्यात मी ती बारा प्रश्नांची यादी मोबाइलवर काढली आणि तिच्याजवळ ओट्यावर बसलो. इंग्रजी तिला जड जात नाही, पण मीच म्हटलं, आपल्या बोलीत विचारतो. ती शेंगा सोलत होती. मी विचारलं, धावतानी टोंगरा दगा देईन असं वाटते का? ती म्हणाली, हो. मी विचारलं, टोंगऱ्याचा इचार न करता धावता येईन का? ती म्हणाली, नाही. चारेक प्रश्न असेच गेले, ती एका शब्दात उत्तर द्यायची आणि पुढची शेंग उचलायची. मग मी तो प्रश्न विचारला, पुन्हा ऑपरेशन करा लागन म्हणून तू धावणं टाळतेस का?

तिने हात थांबवला.

"पुन्हा ऑपरेशन झालं त चालन," ती म्हणाली. "पुन्हा लेप नाही लावला पायजे."

यादीत त्याला गुण कसे द्यायचे ते मला कळलं नाही. मी मोबाइल खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो. रस्त्यावर नको म्हणाली, खड्डे आहेत. दोनशे मीटरची फेरी आखली, फक्कीने. ती अर्धी फेरी धावली, थांबली, चालत परत आली, आणि म्हणाली, उद्या घड्याळ नको आणू.